पूर्णविरामाचा अबोला

आमच्या मोठ्या जाऊबाईंना घरात सगळे पूर्णविराम म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यांना माहीत आहे. हे नाव ठेवलं त्यांच्याच नवऱ्याने, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी. घरात कुणीही वाक्य सुरू करावं आणि ताईंनी ते संपवावं, अशी पद्धतच पडली होती. मी शाळेतून येऊन चप्पल काढता काढता म्हणायची, "आज मुख्याध्यापकांनी पुन्हा..." की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "जादा तास दिला." माझा नवरा म्हणायचा, "माझा तो निळा..." "दोरीवर आहे. ओला आहे अजून." आणि दरवेळी बरोबर. चुकल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

लग्न होऊन आले तेव्हा मला याचा भयंकर राग यायचा. मी गणिताची शिक्षिका. पायऱ्या गाळून थेट उत्तर सांगणाऱ्या पोरांचे गुण कापायची मला सवय, आणि इथे रोज घरात तेच. पुढे त्यांची नोकरी काय आहे ते नीट कळलं, तेव्हा राग जरा उतरला.

ताई विद्यापीठात भाषा-संशोधनाच्या विभागात टंकलेखिका आहेत. लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला एक बिनखिडकीची खोली आहे. भिंतींना स्पंज, एक टेबल, कानांवर हेडफोन आणि टेबलाखाली पायाने दाबायचं पेडल. दाबलं की ध्वनिमुद्रण थांबतं, पुन्हा दाबलं की चालू होतं, टाचेने दाबलं की मागे जातं. विभागाच्या मॅडम वयस्क माणसांना चित्रं दाखवून बोलायला लावतात. ज्यांना वेळेवर शब्द सापडत नाही ती माणसं त्या शब्दाला कसा वळसा घालून जातात, हा त्यांचा अभ्यास. ते सगळं ताई जसंच्या तसं टाइप करतात. खोकला, 'अं', 'म्हणजे', उसासा, मधलं थांबणं, काही सोडायचं नाही. आणि बोलणाऱ्याला न सापडलेला शब्द आपल्याला कितीही ठाऊक असला तरी लिहायचा नाही. तिथे रिकामा चौकोन काढायचा.

"समोरचा माणूस छत्रीभोवती घिरट्या घालत असतो गं," ताईंनी एकदा भांडी पुसता पुसता सांगितलं. "पाऊस म्हणतो, डोक्यावर धरायची म्हणतो, दुकानात विसरून येतो ती म्हणतो. आणि मी इकडे मनात छत्री छत्री करत बसलेली. लिहायचं काय? तर चौकोन."

दिवसभर असे शब्द गिळून बाई घरी आली की ते सगळे आमच्यावर निघायचे. तिकडचं अजीर्ण इकडे.

दादांचं, म्हणजे ताईंच्या नवऱ्याचं, ड्रायव्हिंग स्कूल. स्कूल म्हणजे एक छोटी पांढरी गाडी, तिच्या टपावर पिवळी पाटी आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक. निम्म्या शहराला त्यांनी गाडी शिकवली असेल. माणूस मिश्कील. घामाघूम झालेल्या नवशिक्याला म्हणायचे, "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडेही आहे. आणि मला घरी जायची तुमच्यापेक्षा जास्त घाई आहे." शिकवली नाही ती फक्त स्वतःच्या बायकोला. लग्नानंतर एकदाच तिला गाडीत बसवलं होतं. दादांनी म्हणायचं, "आता हळूच पहिला..." की ताई म्हणायच्या, "गिअर," आणि टाकूनही मोकळ्या. कोपऱ्यावर पोचायच्या आत दादा गाडीतून उतरले आणि चालत घरी आले. "मी सांगायच्या आत हिला सगळं कळतं, मग मी कशाला?" तेव्हापासून ताई बसने जातात. ही गोष्ट आमच्या घरात पाहुणे आले की अजून सांगितली जाते.

तर अशा या पूर्णविरामाचा एकदा आवाज बसला. साधा नाही, पार बसला. डॉक्टरांनी आरशाने घसा तपासला आणि बजावलं, स्वरयंत्राला सूज आहे, अजिबात बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. ताईंनी मान डोलावली. माझा नवरा घरी येऊन म्हणाला, "आता मी माझं वाक्य शेवटपर्यंत बोलून बघणार आहे. कसं लागतं कोण जाणे." सुरुवातीला खरंच मजा आली. आम्ही मुद्दाम लांबलचक बोलत होतो.

मग एका रात्री जेवताना दादा म्हणाले, "ते दे गं जरा. ते... पांढरं." ताई समोरच बसल्या होत्या. बोलता येत नव्हतं म्हणून नुसत्या बघत होत्या. "ते गं, कमी पडलं तरी बोंब, जास्त पडलं तरी बोंब."

"मीठ," माझा नवरा म्हणाला. "वा दादा, कोडी घालायला लागलास की."

आम्ही हसलो, दादाही हसले. ताईंनी मीठ पुढे सरकवलं, पण त्या हसल्या नाहीत. त्यांचा हात ताटात तसाच राहिला. थोड्या वेळाने दादा म्हणाले, "उद्या ते न्यायला हवं, गाडीचं, हवा भरतो ते गोल," आणि मी टेबलाखाली वाकून बघितलं, कारण काहीतरी टकटक वाजत होतं. ताईंची टाच फरशीवर आपटत होती. कामावर नीट ऐकू आलं नाही की टाच दाबून मागे जातात, तशी.

त्यानंतर मलाही ऐकू यायला लागलं. खिडकीला दादा "उजेड येतो ती" म्हणाले. जिन्याला "उतरताना गुडघे आठवतात ते" म्हणाले. हे सगळं ते इतक्या खुबीने म्हणायचे की कुणालाही वाटावं, स्वारी रंगात आहे. मुळात विनोदी माणूस, त्याचं अडखळणंही विनोदात खपून गेलं होतं. आणि जे विनोदात खपलं नसतं ते इतकी वर्षं ताई भरून काढत होत्या. दादांनी 'ते' म्हणायचा अवकाश, शब्द हातात हजर.

आवाज परत यायला हवा होता तेवढे दिवस गेले, तरी ताई गप्पच. दादा बिचारे अडायचे, हातवारे करायचे, तिच्याकडे बघायचे. ती बघत राहायची. एकदा तर त्यांचा तोल गेला. "तुला ठाऊक आहे ना मला काय हवंय? मग मान हलवून तरी सांग." ताईंनी चष्मा आणून दिला आणि खाली मान घालून आत गेल्या. मला दादांची फार दया आली. आणि दुसऱ्या दिवशी मी जिन्यातून वर येत होते तर ताई फोनवर बोलत होत्या, चांगल्या खणखणीत आवाजात. माझं डोकंच फिरलं.

"ताई, आवाज तर आलाय तुमचा. मग हे काय चाललंय? कसला सूड उगवताय त्या माणसावर?"

त्यांनी फोन ठेवला. पायरीवर बसल्या, मलाही बस म्हणाल्या.

"सूड नाही गं. ऐकतेय," त्या म्हणाल्या. "परक्या माणसांचं अडखळणं मी पोटासाठी मोजते. कुणाचा शब्द कुठे सुटला ते मला खोकल्यावरून कळतं. आणि घरातल्या माणसाचं मला कळलं नाही. कसं कळणार? त्याला शब्द शोधायची वेळच मी येऊ दिली नाही. शब्द हरवायच्या आत हातात. कधीपासून हरवतायत, देव जाणे."

"मग दादांना सांगा ना. डॉक्टरकडे घेऊन जा."

"सांगितलं, लिहून दाखवून. म्हणतात, वय झालं, तुझं डोकं त्या हेडफोनांनी बिघडलंय. आता गप्प राहिले की त्यांना त्यांचंच ऐकू येईल, असं वाटलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "घरात मी आहे. शब्द नाही आला तर मीठ उशिरा मिळेल, एवढंच. पण गाडीत मी नसते. समोरून कुणी आलं आणि शिकणाऱ्याला वेळेवर सांगता आलं नाही तर?"

आणि त्या गाडीत त्या वेळी मीच शिकत होते.

खरं तर मी शिकवणी थांबवायला हवी होती. पण मी गेले, मनात म्हटलं, आपण सोबत असलेलं बरं. सकाळची वेळ, रस्ता ओळखीचा, मी आता चांगली चालवत होते. दादा खुशीत होते. बेकरीच्या पुढे गल्लीतून एक बाई सायकलवर सरळ रस्त्यात आली.

"ते..." दादा म्हणाले. "ते दाब... अगं ते..."

मी त्यांच्याकडे बघितलं. बघायला नको होतं, पण मास्तर बोलत असले की बघायची सवय. नेमका पाय भलतीकडे पडला आणि गाडी पुढे उसळली. मग दादांचा पाय त्यांच्या ब्रेकवर आला, गाडी आचका देऊन बंद पडली आणि सायकलचं पुढचं चाक आमच्या बंपरला लागलं. बाई पडली. कोपर सोललं, बाकी काही नाही. मी तिला उठवलं, तिने मला शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. बेकरीवाल्याने पाणी आणलं. दादा गाडीतच बसून होते.

मी परत येऊन बसले तर ते समोर बघत म्हणत होते, "ब्रेक. ब्रेक. ब्रेक." मग माझ्याकडे वळले. "बघ, आता येतोय मेला."

"दादा, काही झालं नाही. तुम्ही दाबलात ना वेळेवर."

"वेळेवर नाही दाबला. माझा पाय शब्दाची वाट बघत होता. इतकी वर्षं आधी सांगायचं आणि मग दाबायचं, अशी सवय. शब्द नाही आला, तर पायही बसून राहिला." या माणसाला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, तर म्हणाले, "तू का रडतेस? तू नापास नाहीस."

घरी आल्यावर ताईंपुढे उभे राहिले. "उद्या मला तुझ्याकडे घेऊन चल. तिथे. ते कानांवर घालून बसतेस तिथे." ताईंच्या ओठांवर शब्द आला होता, मी शेजारीच होते. पण त्यांनी फक्त "नेते" म्हटलं. आवाज परत आल्यावर नवऱ्याशी बोललेला तो पहिला शब्द. दादांनाही ते कळलं असावं, पण आवाज कधी आला हे त्यांनी विचारलं नाही.

मॅडमची खोली साधी. एक टेबल, दोन खुर्च्या, ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि एका भिंतीत काच. घरच्या माणसांनी आत बसायचं नाही असा नियम, म्हणून ताई आणि मी काचेच्या अलीकडे बाकावर बसलो. आतलं बोलणं आम्हाला एका छोट्या स्पीकरवर ऐकू येत होतं. मॅडम वयाने ताईंएवढ्याच, बोलायला मऊ. एकेक चित्र पुढे ठेवायच्या आणि वाट बघायच्या. खुर्ची आली, बादली आली, हातोडा जरा उशिरा पण आला. कुलूप आलं नाही.

"बाहेर जाताना घराच्या नाकाला लावतो ते," दादा म्हणाले. मॅडमना हसू आलं.

कासवाचं चित्र बघून बराच वेळ गेला. "हा गृहस्थ वेगाचा नियम पाळतो," दादा म्हणाले. "याला कधी दंड होणार नाही. घर बरोबर घेऊन फिरतो, म्हणजे पार्किंगचाही प्रश्न नाही." मग हसणं थांबलं. "मला माहीत आहे हा कोण आहे. बाई, मला माहीत आहे."

"मला कळलं की तुम्हाला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "काही घाई नाही."

शिडी राहिली, चाळणी राहिली. मी ताईंकडे बघायचं टाळत होते. त्या स्पीकरकडे मान कलती करून बसल्या होत्या, कामावर बसत असतील तशाच.

शेवटी मॅडमनी चित्रं गोळा केली आणि सहज विचारलं, "आज तुमच्याबरोबर कोण आलंय?"

दादांनी काचेकडे बघितलं. आधी माझं नातं सांगितलं, भावाची बायको, चटकन. मग ताईंकडे बघितलं आणि थांबले. कपाळावर आठी आली. काचेतून आवाज आत जात नाही हे ताईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, त्यांचंच ऑफिस ते. तरी त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता.

"ती ना," दादा म्हणाले, "ती... मी अर्धं बोलतो आणि उरलेलं ती बोलते. ती."

ताई उठल्या आणि व्हरांड्यात गेल्या. त्या वेळी मी त्यांच्यामागे गेले नाही. काही रडणी माणसाला एकट्याने उरकू द्यावीत.

पुढे इस्पितळ झालं, मेंदूची चित्रं काढून झाली. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्हाला साधारण कळलंच होतं. दादांचे शब्द असेच हळूहळू कमी होत जाणार. समज, हातपाय, माणसांची ओळख, हे बराच काळ टिकेल. औषधाने वेग थोडा कमी होईल कदाचित, कदाचित नाही. मॅडमनी ताईंना आणि मला बसवून वेगळं सांगितलं, "लगेच शब्द पुरवू नका. वळसा घालून का होईना, त्यांना पोचू द्या. चालत्या पायाला कुबडी दिली तर पाय विसरतो. फार दमले तर मात्र द्या." ताई म्हणाल्या, "म्हणजे आता घरीही ऑफिसच." मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

आमच्या घरात तेव्हापासून जेवणं लांबली. दादा एखाद्या वस्तूच्या मागे निघाले की आम्ही सगळे घास हातात धरून थांबतो. माझ्या नवऱ्याला हे जमत नाही, तो मध्येच बोलतो आणि ताईंचे डोळे बघून गप्प होतो. ज्या बाईने आयुष्यभर आमची वाक्यं पळवली तिने आता आम्हाला थांबायला शिकवावं, याला काय म्हणायचं? माझी वाक्यं मात्र त्या अजून संपवतात. गिळलेलं कुठेतरी निघायला हवंच ना.

दादांनी त्या सायकलवाल्या बाईच्या दिवसानंतर एकही शिकवणी घेतली नाही. टपावरची पाटी मात्र काढली नव्हती. रोज सकाळी गाडी पुसायचे, आत बसायचे, उतरायचे. ते मला बघवत नसे. एका रविवारी त्यांनी पाटी काढली, फडक्यात गुंडाळली आणि किल्ली आणून ताईंच्या पुढ्यात टेबलावर ठेवली.

"एक शिकवणी राहिलीय," ते म्हणाले. "तुझी. मला नंतर कुणी न्यायचं, आणायचं? बसमध्ये मी तिकीट काय म्हणून मागू?"

ताई नाही म्हणाल्या, या वयात नको म्हणाल्या, पाय दुखतात म्हणाल्या. दादांनी किल्ली आणखी पुढे सरकवली.

बंद पडलेल्या कारखान्यामागे मोठं रिकामं मैदान आहे. माणूस नाही, जनावर नाही, टोकाला जुन्या टायरांचा ढीग आणि त्याच्यामागे भिंत. मला मागच्या सीटवर बसवलं होतं, साक्षीदार म्हणून. ताई चाकामागे अगदी ताठ बसल्या होत्या. दादांनी 'पहिला' म्हटलं आणि पुढे अडले. ताईंनी वाट बघितली. हात गिअरवर, शब्द बहुतेक जिभेवर, पण बाई हलली नाही. दादांनी बोटाने दाखवलं, तेव्हा टाकला. गाडी हळूहळू निघाली. अर्धं मैदान कडेकडेने सुरेख गेलं. दादांचा चेहरा खुलला होता.

मग टायरांचा ढीग समोर आला.

"आता ते," दादा म्हणाले. "ते..."

ताई वाट बघत राहिल्या. गाडी चालतच होती. मी मागून ओरडणार होते, पण मला मॅडमची ताकीद आठवली आणि माझंही तोंड उघडेना. एका गाडीत तीन शहाणी माणसं, तिघांनाही ठाऊक, आणि टायर जवळ येतायत.

"ते गं... तुझ्या तिथे, टेबलाखाली... माणसं बोलत असतात आणि तू पायाने गप्प करतेस. ते!"

ताईंचा पाय खाली गेला. गाडी आचका देऊन बंद पडली, टायरांपासून हातभर अलीकडे. दादांचा स्वतःचा पायही त्यांच्या ब्रेकवर घट्ट दाबलेला होता. या वेळी तो शब्दासाठी थांबला नव्हता.

दादा हसायला लागले. "मूर्ख बाई," ते म्हणाले. "इथे कशाला वाट बघतेस? मी शब्द शोधत बसेन आणि तू माझ्याबरोबर भिंतीत जाशील."

"जाईन," ताई म्हणाल्या.

दादांचं हसू थांबलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग समोर टायरांकडे. "नाही, जायचं नाही," ते म्हणाले. "गाडीत मला न विचारता दाबायचं. घरात थांब पाहिजे तेवढी." आणि मग, अगदी मास्तरांच्या जुन्या आवाजात, "चला. मागे घ्या आता. त्याला उलटा..."

"गिअर," ताई म्हणाल्या, आणि टाकला.